सोळा पानं कमी

माझ्या मामेसासऱ्यांनी आजवर एकाही माणसाला त्यानं मागितलेलं पुस्तक दिलेलं नाही, आणि न मागितलेलं दिल्याशिवाय एकाही माणसाला सोडलेलं नाही. यात मी कणभरही वाढवून सांगत नाही. लातूरच्या क्लासेसच्या गल्लीत त्यांचं झेरॉक्सचं दुकान होतं. तिथे आधार कार्डाची प्रत काढायला गेलेला माणूस बाहेर पडायचा तेव्हा त्याच्या हातात कार्ड असायचं, प्रत असायची आणि चार घड्या घातलेली एक यादी असायची. वाचायच्या पुस्तकांची यादी. रेशन कार्डवाल्यालाही तीच, लग्नपत्रिकेवाल्यालाही तीच, आणि एकदा तर मृत्यूच्या दाखल्याच्या पाच प्रती काढायला आलेल्या एका सुतक्यालाही ती दिलेली मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी "मामा, अहो, प्रसंग तरी बघा" म्हणालो, तर म्हणाले, "प्रसंग बघूनच दिली. तेरा दिवस घरी बसणार हाय तो. करणार काय?"

यादीत तीन सदरं असत आणि त्यांची नावं मामांनी स्वतः ठेवलेली होती: अंग, जंग आणि रंग. अंगाखाली लंगड्या, आंधळ्या, बहिऱ्या, कुबड्या माणसांनी स्वतःबद्दल लिहिलेली पुस्तकं. जंगाखाली संप, मोर्चे, बंड आणि तुरुंग. रंगाखाली नाटक, चित्रं, गाणं. कुणी म्हणालं की मला फक्त नाटकाचं द्या, तर मामा साफ नकार देत. "तिन्हीचं मिळून एक औषध हाय," ते म्हणत. "एकच गोळी घेतली तर उलटी होती." आमच्या लग्नात सगळ्यांनी स्टीलचे डबे आणि भिंतीवरची घड्याळं आणली, मामांनी पाकिटात यादी आणली. आहेर लिहून घेणाऱ्या माणसानं पाकीट उघडलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि वहीत लिहिलं: "यादी, एक नग." माझी आई पुढे कित्येक वर्षं हा किस्सा सांगायची. ती यादी मी त्या दिवशी पाकिटात परत घातली आणि पाकीट लग्नाच्या कागदांच्या फाईलमध्ये ठेवून दिलं. मी जीवशास्त्राचा मास्तर, नुकतीच क्लासमध्ये नोकरी लागलेली, मला कुठला वेळ!

एवढ्या सक्तीनं पुस्तक गळ्यात मारणारा माणूस पुढे निदान त्याचा पाठपुरावा करील की नाही? तर ते नाही. "वाचलंत का?" हा प्रश्न मामांनी कधीच कुणाला विचारला नाही. पुस्तक परत मागितलं नाही. एकदा मीच चिडून म्हणालो, "मामा, तुमचं ते पुस्तक तीन वर्षं माझ्याकडे पडून आहे, अजून वीस पानं झालेली नाहीत, घेऊन जा." एरवी शब्दाला शब्द लावणारे मामा एकदम मऊ झाले. "राहू द्या," म्हणाले. "वाचणाऱ्याला घाई करू नये." मला वाटलं, म्हातारपण.

मामा मूळचे चित्रकलेचे मास्तर. औसा तालुक्यातल्या एका गावात विनाअनुदानित शाळेवर होते, सुट्टीत गावोगाव पथनाट्यं करत. भूकंप झाला तेव्हा मामी लेकीला घेऊन अहमदपूरला माहेरी गेलेल्या होत्या म्हणून वाचल्या. मामा घराच्या भिंतीखाली सापडले आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. शाळाच जमिनीला मिळाली तेव्हा नोकरीचा प्रश्न मिटला. पुढे अपंगांच्या योजनेतून त्यांना टेलिफोन बूथ मिळाला, बूथचे दिवस संपले तेव्हा त्याच गाळ्यात झेरॉक्सचं मशीन आलं. भूकंपाबद्दल ते याच्यापेक्षा जास्त कधी बोलत नसत, आणि मीही कधी विचारलं नाही. या एका बाबतीत आमचं छान जमायचं.

नकली पायाचं मात्र त्यांनी प्रदर्शन मांडलं होतं. दर पोळ्याला, लोक बैलाची शिंगं रंगवतात तेव्हा, मामा आपला पाय काढून काउंटरवर आडवा ठेवत आणि हिंगुळानं रंगवत. एका वर्षी वेलबुट्टी, एका वर्षी मोर, एका वर्षी नुसत्या उगारलेल्या मुठी. माझी बायको म्हणाली, "मामा, लोक हसतात." मामा म्हणाले, "बैलाची शिंगं रंगवता, मग ह्या पायानं काय घोडं मारलंय?" त्यांना दिव्यांग म्हटलेलं अजिबात खपत नसे. तालुक्याच्या एका कार्यक्रमात पाहुण्यांनी स्टेजवरून त्यांना "आमचे दिव्यांग बंधू" म्हटलं, तर हे खालूनच ओरडले, "दिव्य काय हाय ह्यात? ह्या स्टेजला सात पायऱ्या हायेत. आधी उतरण बांधा, मग देव म्हणा!" नारळ आणि शाल घेऊन पाहुण्यांना खाली यावं लागलं. खाली आल्यावर मामांनी त्यांना यादी दिली.

त्यांच्याबरोबर एस.टी.नं प्रवास करणं हा तर वेगळाच भोग होता. एकदा आम्ही लातूरहून नांदेडला निघालो. अपंगांसाठी राखीव असलेल्या जागेवर एक धडधाकट गृहस्थ डुलक्या काढत बसले होते. कंडक्टर त्यांना उठवायला लागला, तर मामांनीच कंडक्टरला अडवलं. "हुकमानं उठवू नका. त्यांना समजून उठू द्या." मग अहमदपूर येईपर्यंत मामा कुबडीवर उभे राहून त्या गृहस्थांना समजावत होते. चाकाखाली हात गेलेल्या एका वादकाची गोष्ट सांगून झाली, मजुरांच्या एका मोर्चाची झाली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो आणि यांचा-आपला काही संबंध नाही असा चेहरा करून होतो. अहमदपूरच्या स्टँडवर तो माणूस हात जोडून उठला. आणि मामांनी काय करावं? ती जागा एका लेकुरवाळीला दिली आणि स्वतः लोह्यापर्यंत उभे राहिले. मला म्हणाले, "जागा कुणाला पायजे होती, जावईबापू? त्याला उठायचं शिकवायचं होतं."

हे सगळं मी सोसलं असतं. पण त्यांनी माझ्या नोट्समध्ये हात घातला.

आमच्या क्लासच्या सगळ्या नोट्स मामांच्या दुकानात निघत. मीच ते काम त्यांना मिळवून दिलं होतं. तोवर लातूरच्या निकालांचा डंका वाजायला लागला होता. इस्लापूरपासून निलंग्यापर्यंतची पोरं ट्रंका घेऊन येत, एका खोलीत चारजण राहत आणि छापलेलं जे हातात पडेल ते पाठ करत. एका रविवारच्या टेस्टमध्ये मी प्रश्न दिला: गुडघ्याच्या सांध्याचे कार्य लिहा. पेपर तपासायला घेतले तर तीस-पस्तीस पोरांनी बिजागरीचा सांधा, कूर्चा, स्नायुबंध हे सगळं नीट लिहून खाली लिहिलं होतं: "ढोलकीवाल्याला गुडघा लागत नाही. ताल मांडीतही असतो. मालकाला हे माहीत नव्हतं." मला वाटलं सामुदायिक कॉपी. पण सगळे वेगवेगळ्या बॅचचे. आणखी लाज म्हणजे, घाईत तपासणाऱ्या माझ्या सहकाऱ्यानं त्यातल्या बऱ्याच जणांना त्या ओळींसाठी अर्धा-अर्धा मार्क दिला होता.

दुसऱ्या दिवशी इस्लापूरची एक मुलगी, पहिल्या बाकावर बसणारी, नोट्स घेऊन आली. "सर, हे सतरावं पान पाठ करायचं की समजून घ्यायचं?" मी पान पाहिलं. माझ्या सोळाव्या आणि अठराव्या पानाच्या मध्ये, जुन्या खिळ्यांच्या छपाईतलं, कडा पिवळ्या पडलेल्या एखाद्या पुस्तकाचं पान होतं. त्यात सरकीच्या कारखान्यात पाय गमावलेला एक कामगार कलापथकात ढोलकी वाजवत होता आणि संपाची तयारी चालली होती. मी मागच्या नोट्स मागवल्या. पचनसंस्थेत एक पान, श्वसनात एक, वनस्पतींच्या वर्गीकरणात दोन. ही पोरं वर्षभर माझ्या जीवशास्त्रातून एक अख्खा संप वाचत होती, आणि एकालाही शंका आली नव्हती. शंका एवढीच होती की यावर किती मार्कांचा प्रश्न येतो.

प्रकरण संचालकांपर्यंत गेलं. लोह्याचे एक पालक, स्वतः शिक्षक, त्यांच्या केबिनमध्ये येऊन बसले होते. "सर, आमची पोरगी डॉक्टर होऊन राहिली का पुढारी? मेसवाल्याविरुद्ध सह्या गोळा करून राहिली ती!" संचालकांनी मला उभं केलं. हे तुमचे नातेवाईक, तुम्हीच निस्तरा, म्हणाले. यापुढे एकही पान घालणार नाही असं लेखी आणा, नाहीतर सगळं काम छापखान्याला जाईल. क्लासचं काम गेलं की मामांचं दुकान महिनाभरही टिकणार नव्हतं, हे त्यांना ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि मामांनाही असायला हवं होतं.

मी तणतणत दुकानात गेलो. मामा मशीनचं झाकण उघडून आतली पावडर पुसत होते.

"मामा, सतराव्या पानावर ढोलकीवाला कुठून आला?"

"सोळाव्याच्या मागून. दारात उभं राहून भांडू नका, गिऱ्हाईक बिचकतं. आत या, बसा."

"बसायला आलेलो नाही. तुमचं दुकान जाणार आहे! माझी नोकरीही जाईल कदाचित!"

"एका पानानं? मग लई कच्चा पाया हाय तुमच्या क्लासचा."

माझं डोकं फिरलं. बावीस मिनिटं मी एकटा बोलत होतो. समोरच्या चहावाल्यानं नंतर मोजून सांगितलं. शेवटी मी म्हणालो, "तुम्हाला त्या पुस्तकाचा प्रचारच करायचा आहे ना? सांगा नाव. पुण्याहून वीस प्रती मागवतो, दुकानात ठेवा, वाटा. पण माझ्या नोट्स सोडा."

"नाव न्हाई त्याला," मामा म्हणाले. काउंटरखालून त्यांनी फडक्यात बांधलेलं एक गाठोडं काढलं. आत सोळा-सोळा पानांचे, दोऱ्यानं शिवलेले फर्मे होते. मी मोजले. सात.

"दवाखान्यात आमच्या वॉर्डात आठ खाटा होत्या," मामा म्हणाले. "मदतीच्या गाड्या येऊन राहिल्या होत्या. कुणी टाय पाठवले, कुणी लग्नातले कोट. एका खोक्यात हे निघालं. कव्हर न्हाई, नाव न्हाई. पडून पडून सगळे कावलेले. आठ जण आणि एक पुस्तक. मी मास्तर, मग मीच फाडलं. खाटेला एक फर्मा. झाला की पुढच्या खाटेला द्यायचा. कुणी शेवटापासून वाचलं, कुणी मधनंच. कुणाचं काही अडलं न्हाई. अडलं माझं. मी सात नंबरला. सहा नंबरला एक शिंपी होता, तिसरी शिकलेला. बोट ठेवून ठेवून वाचायचा. माझा फर्मा दोनदा वाचून झाला, ह्याचा आपला पहिलाच चाललेला. मी एक दिवस सगळ्या वॉर्डादेखत बोललो त्याला. म्हणलं, ए सहा नंबर, वाचण्यात जन्म जाईल तुझा, आटप की!"

मशीनचं झाकण मामांनी विनाकारण एकदा लावलं आणि पुन्हा उघडलं.

"हसला तो. म्हणला, मास्तर, दोनच पानं राहिली, उद्या देतो. दुसऱ्या दिवशी मला पट्टी बदलायला नेलं. परत आणलं तर खाट रिकामी. ताप चढला म्हणून मोठ्या दवाखान्यात हलवलं, म्हणले. पानं उशाखाली होती, ती त्याच्या संगं गेली."

"नाव काय होतं त्याचं?"

"सहा नंबर. मीबी सात नंबरच होतो. गाव न्हाई विचारलं. गाव उरलंच नव्हतं कुणाचं तवा, विचारणार काय?"

मी जे बोलू नये तेच बोललो. म्हणालो, "मामा, मी ते पुस्तक शोधून देतो. ती सोळा पानं मिळतील तुम्हाला."

"पुस्तक कुणाला पायजे, जावईबापू?" मामा एकदम तडकले. "तो माणूस जगला का, ते पायजे मला! जगला असंल तर त्याच्याजवळ ती पानं असतील. तुमच्याकडं गावगावची पोरं येतात, नोट्स घेऊन घरी जातात. कुणाच्या घरी एखादा म्हातारा ढोलकीवाल्याला वळखील. म्हणील, अरे, ह्याची सोळा पानं माझ्याजवळ हायेत. तेवढ्यासाठी टाकतो एक पान. तुमच्या डॉक्टर होणाऱ्या पोरांचं त्यानं काय वाटोळं होतंय?"

भांडायला गेलेला मी त्या दिवशी दोन चहा पिऊन परत आलो. चिडायला जागाच राहिली नव्हती, याचीच जास्त चीड आली.

दुसऱ्या दिवशी मामांनी लेखी दिलं. चित्रकलेच्या मास्तरांच्या वळणदार अक्षरात: "यापुढे नोट्सच्या आत एकही बाहेरचे पान घालणार नाही." मी आनंदानं संचालकांना नेऊन दिलं आणि वर माझी हमी दिली. पुढच्या आठवड्यात उत्सर्जनसंस्थेच्या नोट्स आल्या. आत एकही पान नव्हतं. मागचं पुठ्ठ्याचं कव्हर मात्र बदललेलं होतं, आणि त्यावर आतून-बाहेरून ढोलकीवाल्याचा संप छापलेला होता. संचालकांनी ते माझ्यासमोर धरलं. मी मामांना फोन केला, तर म्हणाले, "आत न्हाईच घातलं. शब्द पाळला." काम छापखान्याला गेलं. मामांनी वर्षभर आधार कार्डांवर दुकान रेटलं, मग मामी गेल्या, तेव्हा शटर ओढून ते नांदेडला लेकीकडे राहायला गेले. माझी नोकरी राहिली. पण त्या दुकानावरून जाताना मी कित्येक दिवस पलीकडच्या फुटपाथनं जायचो.

नांदेडला जाऊन मामा सुधारले असतील असं कुणाला वाटत असेल तर तसं काही नाही. तिथे त्यांनी कॉलनीच्या वॉचमनला यादी दिली, मालिश करायला येणाऱ्याला दिली, आणि घरासमोरच्या गणेश मंडळाला देखाव्यापुढे उतरण करायला लावली. मी भेटायला गेलो की ते माझ्याकडे एकदा नीट बघत. काही विचारत नसत. मला वाटायचं, म्हातारा माणूस आहे, नीट दिसत नसेल.

गेल्या मे महिन्यात मुलीच्या पासपोर्टसाठी आमच्या विवाह नोंदणीचा दाखला हवा होता. फाईल काढली, त्यात ते पाकीट निघालं. कडेला हळदीकुंकवाचा डाग. "यादी, एक नग." इतक्या वर्षांनी मी ती पहिल्यांदा उघडली. अंग, जंग, रंग. तिन्ही मिळून दहा पुस्तकं. त्याखाली एक आडवी रेघ, आणि रेघेखाली अकरावं:

"नाव ठाऊक नाही. पाने एकशे अठ्ठावीस, त्यात सोळा कमी. ती भूकंपातल्या एका शिंप्याकडे आहेत. जावईबापू शिक्षक आहेत. मुलांना विचारतील अशी आशा."

मी ते तिथेच बसून पुन्हा वाचलं. बावीस वर्षं. दरवर्षी दीड-दोनशे पोरं, औशाची, निलंग्याची, उमरग्याची, त्या सगळ्या पट्ट्यातली, माझ्यासमोर बसून गेली. पहिल्या तासाला मी प्रत्येकाला नाव-गाव विचारतो, तशी माझी पद्धतच आहे. आणखी एक प्रश्न विचारायला किती वेळ लागला असता? मामांनी मला तो लग्नात सांगून ठेवला होता, आणि दुकानात सगळं ऐकल्यावरही मला तो विचारायचं सुचलं नव्हतं. मी पानाची घडीसुद्धा उघडली नाही, आणि ते मला कधी "वाचलंत का?" म्हणाले नाहीत. त्यांना पानं घालायची वेळ आली ती माझ्यामुळेच.

मी नांदेडला फोन लावला. म्हणालो, "मामा, यादी वाचली. अकरावं पण." मी वाट बघत होतो की आता चांगली खरडपट्टी निघेल, आणि खरं सांगतो, निघाली असती तर बरं वाटलं असतं.

"बरं झालं," मामा म्हणाले. "पहिली दहा सावकाश वाचा."

यंदा जूनमध्ये नव्या बॅचेस आल्या. मी पहिल्या तासाला प्रत्येकाचं नाव विचारलं, गाव विचारलं, आणि मग विचारलं, "तुमच्या गावात भूकंपात जखमी झालेला, फार सावकाश वाचणारा एखादा शिंपी आहे का? किंवा होता का?" पोरं एकमेकांकडे बघायला लागली. जुन्या विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही मी हेच विचारलंय. सर आता थकले, असं त्यातल्या एका डॉक्टरनं माझ्या बायकोला कळवलं. अजून कुणाकडून काही आलेलं नाही. रविवारी मामांना फोन करतो, तेव्हा तेही विचारत नाहीत आणि मीही सांगत नाही. वर्गात मात्र दर नव्या बॅचला मागच्या बाकावरून कुणीतरी हात वर करतंच, "सर, हे परीक्षेला आहे का?"

मी "आहे" म्हणतो.